जमिनीखालची कमान

एका गावात एक भोळा मांडववाला राहायचा. नाव लहानू. दारातून जाताना चौकट डोक्याला लागायची एवढा उंच, मिशीला पीळ, आणि तरी लहानू.

भोळा म्हणजे किती भोळा, ते सांगतो. गावच्या देवळात पाटी लागली होती, 'चपला येथे काढाव्यात.' लहानू त्या दिवशी अनवाणी गेला होता. त्याने पाटी वाचली. घरी परत आला, चपला घातल्या, पुन्हा देवळात गेला आणि पाटीखाली काढल्या. मग दर्शन घेतलं. येताना चपला तिथेच राहिल्या, कारण पाटीवर घालायचं काही लिहिलं नव्हतं.

मांडवाचा धंदा त्याच्या बापाचा. बाप नुसत्या नजरेने कमान बांधायचा. दोन बांबू वाकवले, मधे गाठ मारली, झाली कमान. बाप गेला तेव्हा बांबू मागे ठेवून गेला, नजर बरोबर घेऊन गेला. लहानूची कमान एका बाजूला फुगायची आणि दुसऱ्या बाजूला बसायची. तिच्याखालून जाताना वऱ्हाडी माना तिरक्या करायचे.

तर अशा या लहानूचं लग्न ठरवायचं होतं.

ओढ्यापलीकडे कोंडीराम आचारी राहायचा. पंचक्रोशीतल्या लग्नांचा स्वयंपाक त्याच्याकडे. त्याची मुलगी यसू, बापाच्या हाताखाली काम करायची. लहानूची आई भागाबाई लहानूला घेऊन मुलगी बघायला निघाली. वाटेत तिने त्याला पढवलं.

"जास्त बोलायचं न्हाई. नाव विचार. सैपाक येतो का विचार. आन् लगीच हो म्हणू नको, हावरट दिसतं. अकरा दिवसांनी कळवतो म्हण. आन् उठताना जातो म्हणायचं न्हाई, येतो म्हणायचं."

"कळ्ळं," लहानू म्हणाला.

यसूने पोहे आणले. लहानूने विचारलं, "नाव काय?" नाव त्याला ती परकरात होती तेव्हापासून माहीत होतं. पण आईने विचार म्हटलं होतं.

"यशोदा."

"सैपाक येतो?"

"येतो."

लहानूने तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि त्याच्या छातीत वाजंत्री वाजायला लागली. 'पसंत आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले. ते त्याने पोह्यांच्या घासाबरोबर गिळले. "अकरा दिवसांनी कळवतो," म्हणाला, "येतो," म्हणाला आणि उठला. घरी जाऊन त्याने सुतळी घेतली. रोज सकाळी तो तिला एक गाठ मारायचा. अकरावी गाठ मारली आणि कंबरभर ओढा तुडवत निथळत कोंडीरामच्या दारात जाऊन उभा राहिला.

"पसंत हाय!"

यसूलाही तो पसंत होता. का, ते तिला धड सांगता आलं नसतं. गावातले बाकीचे बाप्ये बोलायचे एक आणि करायचे भलतंच. हा बोलायचा तेच करायचा. आता करताना घोळ व्हायचा, ती गोष्ट वेगळी.

अडला तो कोंडीराम. "पोरगं निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय," तो म्हणाला. "पर मी आचारी माणूस. ह्याचा मांडव दोनदा माझ्या पातेल्यात पडलाय. हे बघ लहानू, ह्या सराईत तीन लग्नं हायेत. तिन्हींत सैपाक माझा आन् मांडव तुझा. एक तरी मांडव असा घाल, की पंगती उठंपर्यंत उभा राहील आन् माझ्या पातेल्यात काय पडणार न्हाई. मग पोरगी तुझी. न्हाईतर तिला दुसरीकडं देतो."

"कळ्ळं," लहानू म्हणाला.

आता शिकायचं कुणाकडून? गावच्या हायस्कुलात बोकील बाई गणित शिकवायच्या. त्यांच्या घरच्या पूजेला लहानूने एकदा मांडव घातला होता. त्याची तिरकी कमान बघून बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. लहानूने अडचण सांगितली तेव्हा बाईंनी कपाट उघडून एक कॅल्क्युलेटर काढला. त्यांच्या भाच्याने परदेशातून पाठवलेला. विटेएवढा, वर भलामोठा पडदा.

"हा नुसता बेरीज-वजाबाकी करणारा नाही," बाई म्हणाल्या. "याला गणित घातलं की पडद्यावर रेघ काढून दाखवतो. कमान म्हणजे एक रेघच. पुस्तकात तिला अन्वस्त म्हणतात. तू कमानच म्हण."

लहानूने तो दोन्ही हातांनी धरला. प्रसाद घेतात तसा.

"आधी एक बटण शिक. हे क्लिअर. काही चुकलं की घाबरायचं नाही. क्लिअर दाबायचं, सगळं पुसून टाकायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. समजलं?"

"कळ्ळं, बाई."

पहिलं लग्न खैरनारांच्या घरचं. मांडव उभा राहिला. खरं सांगायचं तर बरा उभा राहिला. वऱ्हाड जमलं, अंतरपाट धरला, पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. लहानू खांबाला टेकून वर बघत होता. बघता बघता त्याला कोपऱ्यात एक गाठ दिसली. ती उलटी बसली होती.

चुकलं होतं. लहानू घाबरला नाही. बाईंनी सांगितलं होतं, घाबरायचं नाही.

त्याने शिडी लावली आणि मांडव सोडायला घेतला. सगळा. झालर काढून घडी घातली. कापड उतरवून गुंडाळलं. बांबू मोजून गाडीत रचले. खड्डे बुजवून वरून पाय मारले. नवरा-नवरी उन्हात, भटजी उन्हात, अक्षता घेतलेले तीनशे हात उन्हात. कापडावर साताठ लग्नांची धूळ साचलेली होती, ती सावकाश येऊन कोंडीरामच्या आमटीच्या पातेल्यात बसली. मग लहानूने पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला खड्डा खणला तेव्हा लग्न शेजारच्या चिंचेखाली लागूनही गेलं होतं.

कोंडीराम पळी घेऊन धावत आला. "कुणी सांगितलं तुला हे?"

"बाईंनी. चुकलं की सगळं पुसायचं."

"आरं येड्या! एक गाठ चुकली तर तेवढी एक गाठ काढ की! बाकीच्याला हात कशाला लावतोस?"

लहानूने विचार केला. पटलं त्याला. "कळ्ळं," म्हणाला.

बाईंना सांगितलं तेव्हा बाई आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "त्याचंही बटण आहे रे. हे बघ, डिलीट. आठ आकड्यांतला एकच चुकला, तर त्याच्यावर जायचं आणि हे दाबायचं. तेवढाच जातो. बाकीचे आपोआप सरकतात आणि रिकामी जागा भरून काढतात."

"आपोआप?"

"आपोआप. आपण काही करावं लागत नाही."

लहानूचे डोळे मोठे झाले. "कळ्ळं, बाई!"

दुसरं लग्न शेलार पोस्टमनच्या घरचं. अक्षता पडल्या, पंगत बसली. कोंडीरामने वरणाचं पातेलं मुद्दाम मांडवाच्या मधोमध ठेवलं होतं, कारण कडेला धूळ पडते हे तो शिकला होता. शिकण्याची हौस फक्त लहानूलाच होती असं नाही.

जेवणं चालू असताना लहानूने मांडवाभोवती फेरी मारली. सगळे खांब सरळ. मधला, ज्याच्यावर चारी बाजूंचे बांबू येऊन टेकले होते, तो जरा वाकडा. बोटभर.

चुकलं होतं. पण आता लहानू शहाणा झाला होता. बाकीच्या कशालाही हात लावायचा नाही. त्याने वाढप्यांना बाजूला केलं, मधल्या खांबाला मिठी मारली, हिसका दिला आणि तेवढाच एक खांब काढला. तो खांद्यावर घेतला आणि बाकीचे सरकून जागा भरून काढतात का, ते बघत उभा राहिला.

बाकीचे सरकले. बाईंचं म्हणणं खरं ठरलं. सगळे सरकले आणि आपोआप सरकले. खाली.

पंगतीवर आभाळ आल्यासारखा अंधार झाला. कापडाखाली दोनशे माणसं जेवत होती, त्यातली बरीचशी तशीच जेवत राहिली, कारण जिलेबी वाढून झाली होती. एक लांब बांबू तेवढा सरळ येऊन वरणाच्या पातेल्यात उभा राहिला. कापडाच्या एका कडेने यसू बाहेर आली. कपाळापासून हनुवटीपर्यंत वरण. लहानूला वाटलं, आता ही रडणार. ती मटकन खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली.

कोंडीराम हसला नाही. "कुणी सांगितलं तुला हे?"

"तुम्ही. आन् बाईंनी. तेवढंच काढायचं."

कोंडीरामने पातेल्यातला बांबू उपसला. तो लहानूच्या पाठीत घालावा की नाही, यावर त्याने थोडा वेळ विचार केला. मग पोरीकडे बघून खाली ठेवला. "एक लग्न उरलंय तुझं," तो म्हणाला. "कशाला हात लावायच्या आधी लांब उभा राहून सगळं एकदा नीट बघत जा, बाबा. सगळं!"

"कळ्ळं," लहानू म्हणाला. यावेळी ते त्याने फार हळू म्हटलं. एकच लग्न उरलं होतं. त्या रात्री त्याला भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो बाईंकडे गेला आणि कोंडीरामचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"बरोबरच बोलला तो," बाई म्हणाल्या. "हे बघ. आता पडद्यावर रेघेचा नुसता तुकडा दिसतोय. जवळून बघितलं की असंच होतं. अशा वेळी झूम आउट करायचं, म्हणजे लांब जायचं. तरी सगळं दिसलं नाही, तर आणखी लांब. चित्र पूर्ण दिसेपर्यंत जात राहायचं."

"पूर्ण दिसंपर्यंत," लहानू म्हणाला. "कळ्ळं."

तिसरं लग्न गिरणीवाल्या बोडख्यांच्या घरचं. लहानूने पहाटे उठून मांडव घातला. मग कशालाही हात लावायच्या आधी तो लांब उभा राहायला निघाला.

अंगणाच्या टोकाला गेला. मांडवाची पुढची बाजू दिसली, मागची दिसेना. रस्त्यापर्यंत गेला. मागची थोडी दिसली, तर डावीकडचा कोपरा गिरणीच्या आड गेला. गावाबाहेर पडला. आता मधे झाडं आली. मग तो टेकडी चढायला लागला. बारा वाजता म्हसोबाच्या दगडापाशी पोहोचला आणि वळून बघितलं. तिथून मांडव तळहाताएवढा दिसत होता. अख्खा. काय सुंदर दिसत होता! एक गाठ उलटी नाही, एक खांब वाकडा नाही. लहानूला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काम आवडलं.

पण मांडवामागच्या घराची पायरी दिसत नव्हती. तो आणखी वर गेला.

खाली लग्न लागलं. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, तिसरी उठली. मांडव उभाच. कारण त्याला हात लावायला लहानू तिथे नव्हता. कोंडीराम हातात झाकण धरून दिवसभर पातेल्यापाशी बसून होता. पातेल्यात काही पडलं नाही. एक काडी नाही. संध्याकाळी लहानू टेकडी उतरून, पायात काटे, तोंडाला कोरड, असा बोडख्यांच्या दारात आला. कोंडीरामने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जिंकलास," तो म्हणाला. "कसं जमवलंस?"

"लांब गेलो," लहानू म्हणाला.

यसू मागे भांडी घासत होती. तिच्या हातातली परात खाली पडली आणि बराच वेळ वाजत राहिली.

तर लग्न ठरलं. आता आमच्याकडे मांडव मुलीच्या दारात, आणि गावात मांडववाला एकच. नवरदेवाने स्वतःच्या लग्नाचा मांडव स्वतःच घालायचा, असं ठरलं. कोंडीरामला हौस दांडगी. त्याला दारापुढे मोठी कमान पाहिजे होती. बारा हात रुंद, सहा हात उंच.

बोकील बाईंनी कागदावर गणित लिहून दिलं. "हे जसंच्या तसं घाल. सगळ्यात आधी वजाचं चिन्ह आहे बघ, ते विसरू नकोस. पडद्यावरची आडवी रेघ म्हणजे जमीन. तिच्यावर तुझी कमान उभी दिसेल. आणि काढून झाली की ट्रेसचं बटण दाब. एक ठिपका रेघेच्या डाव्या टोकापासून निघतो, रेघ न सोडता चालतो आणि उजव्या टोकाला बाहेर पडतो. तो नीट पोहोचला की समजायचं, कमान बरोबर आहे." एवढं सांगून बाई पेपर तपासायला तालुक्याला गेल्या. लग्नाच्या दिवशी येते म्हणाल्या.

कोंडीराम म्हणाला, "ह्या टायमाला तुझं डोकं अजिबात लावू नकोस. मशीन दावील तस्सं कर. वीतभर वर न्हाई, वीतभर खाली न्हाई."

"कळ्ळं."

आणि भागाबाई म्हणाली. तिचंही ऐकायलाच पाहिजे होतं, आई होती.

"उद्या तुला हळद लागती," ती म्हणाली. "लगीनघरात जिभेला हाड पायजे. बांगडी फुटली म्हणायचं न्हाई, वाढवली म्हणायचं. नारळ फोडला न्हाई, वाढवला. तांदूळ संपलं म्हणायचं न्हाई, वाढलं म्हणायचं. कमी, उणं, वजा असलं काय तोंडानं काढू नको आन् हातानं करूबी नको. अपशकुन हुतो."

"कळ्ळं, आई."

दुसऱ्या दिवशी हळद लागली. पिवळ्या हातांनी लहानूने कॅल्क्युलेटर घेतला, कागद पुढे ठेवला आणि पहिल्याच चिन्हाशी त्याचं बोट थांबलं.

वजा.

हळदीच्या हाताने? स्वतःच्या लग्नात? यसूच्या दारातल्या कमानीला? लहानूने बोट मागे घेतलं. बाई शिकलेल्या होत्या खऱ्या, पण त्यांच्या ध्यानात राहिलं नसेल. त्याने तेवढं एक चिन्ह सोडलं आणि पुढचं सगळं जसंच्या तसं घातलं. मग ग्राफचं बटण दाबलं.

पडद्यावर रेघ उमटली. डावीकडे सहा हात, उजवीकडे सहा हात, अगदी मापात. फक्त मधला फुगवटा जमिनीच्या वर नव्हता, खाली होता. सहा हात खाली.

लहानू बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शंका आली. कमान जमिनीखाली कशी असेल? त्याने डोकं खाजवलं. मग त्याला आठवलं की या टायमाला डोकं लावायचं नाही. त्याने डोक्यावरचा हात काढला आणि कुदळ घेतली.

यसूच्या दारापुढे तो दिवसभर खणत होता. बारा हात लांब, मधोमध सहा हात खोल, दोन्हीकडून गोलाईने चढत आलेलं. रुंदी वाजंत्र्यांना पुरेल इतकी. आता तुम्ही म्हणाल, कुणी विचारलं कसं नाही? लग्नाच्या स्वयंपाकाला आचारी मोठा चर खणतात, त्यात लाकडं पेटवून वर पातेली चढवतात. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, कोंडीरामचा चर आहे. पोरीचं लग्न म्हणून जरा मोठा घेतलाय. आणि कोंडीराम मागच्या अंगणात बुंदी पाडत होता. मांडव घालायचा म्हटल्यावर खणाखणी व्हायचीच, असं तो ऐकून समजला.

खड्डा झाल्यावर लहानूने तो सजवला. आतून झेंडूच्या माळा, आंब्याचे टाळे, दोन्ही कडांना लाल झालर. आणि तळाशी, जिथे कमानीचं मधलं टोक येतं तिथे, एक नारळ टांगला. म्हणजे ठेवला. खोट कुठे काढायला जागा नव्हती. बापाच्या हातूनही इतकी सारखी गोलाई कधी आली नसती.

लग्नाच्या दिवशी लहानू मुंडावळ्या बांधून मारुतीच्या पाया पडला आणि वाजतगाजत निघाला. पुढे तो, मागे वाजंत्री, त्यांच्यामागे वऱ्हाड. यसूच्या दारापाशी आल्यावर तो थांबला. कमान बरोबर आहे का, ते अजून तपासायचं राहिलं होतं. लहानू डावीकडे वळला. खड्ड्याच्या डाव्या टोकाला उभा राहिला आणि रेघ न सोडता चालायला लागला.

तिसऱ्या पावलाला तो दिसेनासा झाला.

वाजंत्र्यांचा नियम एकच, नवरदेव जाईल तिकडे जायचं. सनई गेली. संबळ गेला. ढोल गेला, तो घरंगळत गेला आणि सनईच्या आधी पोहोचला. खालून सूर तसाच चालू होता, थोडा दबलेला. वऱ्हाड कडेला येऊन वाकून बघायला लागलं. 'काय पडलं? काय पडलं?' असा गलका झाला.

तेवढ्यात घरातून कोंडीराम निघाला. मठ्ठ्याचं पातेलं बांबूला अडकवून दोन गडी पंगतीकडे आणत होते आणि तो त्यांच्यापुढे उलटा चालत वाट दाखवत होता. "सांभाळून. बेतानं. वर बघा, मांडवातनं काय पडंल..."

वरून काहीच पडलं नाही. कोंडीराम पडला. त्याच्यामागून पातेलं आलं.

बोकील बाई तालुक्याहून नुकत्याच पोहोचल्या होत्या. त्यांनी कडेवरून आत बघितलं. आत नवरदेव, तीन वाजंत्री आणि सासरा मठ्ठ्यात बसले होते. बाईंनी खड्ड्याची गोलाई बघितली. "वजा," त्या पुटपुटल्या. "वजा विसरला."

"इसरलो न्हाई, बाई," खालून लहानू म्हणाला. "शुभकार्यात चालत न्हाई."

कोंडीरामने डोळ्यांवरचा मठ्ठा पुसला. त्याच्या डोक्यावर कोथिंबीर होती. "कुणी सांगितलं..." तो म्हणायला लागला.

"तुम्ही, बाईंनी आन् आईनं," लहानू म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. यसू दारात आली होती, अष्टपुत्री नेसून, बाशिंग बांधून, आणि तिच्या लग्नाची कमान अशी झाली होती. त्याला रडू आलं. "पर मामा, पातेल्यात काय पडलं न्हाई. अट मोडली न्हाई मी."

हे मात्र खरं होतं. पातेल्यात काही पडलं नव्हतं. पातेलंच पडलं होतं. कोंडीरामने लेकीकडे बघितलं, मग रडणाऱ्या जावयाकडे बघितलं, आणि त्याचा राग मठ्ठ्यासारखाच जमिनीत जिरला.

वरून भटजी ओरडले, "मुहूर्ताला अर्धा तास आहे अजून!"

"झालं ते झालं," कोंडीराम म्हणाला. "रडू नको. सगळं पुसून टाक आन् पयल्यापास्नं सुरू कर."

बोकील बाई कडेवरून वाकल्या. "कोंडीराम, असं नका म्हणू!" त्या ओरडल्या. पण उशीर झाला होता. लहानूचं रडू थांबलं. पहिल्या दिवशीच शिकलेलं काम होतं ते, आणि त्याला पक्कं येत होतं.

"कळ्ळं!" तो म्हणाला.

लहानू उजव्या टोकाने वर चढला. मुंडावळ्या सोडल्या. ओढ्यावर जाऊन हळद घासून काढली. घरी गेला, मुलगी बघायला घातला होता तोच चौकड्यांचा सदरा घातला, भागाबाईला वऱ्हाडातून हाताला धरून बाहेर काढलं आणि अर्ध्या तासाच्या आत कोंडीरामच्या ओटीवर येऊन बसला. समोर चारशे माणसं हातात अक्षता घेऊन उभी.

"राम राम," लहानू म्हणाला. "मुलगी बघायला आलो."

कोंडीरामचा जबडा उघडा होता तो तसाच राहिला. बाई पुढे व्हायला लागल्या, तर यसूने त्यांचा हात धरला. "थांबा बाई," म्हणाली. आत गेली आणि हिरव्या चुड्याच्या हातांनी पोह्यांची बशी घेऊन आली.

लहानूने दोन घास खाल्ले. "नाव काय?"

"यशोदा."

"सैपाक येतो?"

"येतो," यसू म्हणाली. "मठ्ठा तेवढा वाढलाय."

मग तिने नजर वर केली. "पसंत आहे का मी?"

चारशे हात वर झाले. भटजींनी श्वास ओढून घेतला. वाजंत्र्याने सनई तोंडाला लावली, तिच्यातून आधी मठ्ठा आला. लहानूने यसूकडे बघितलं. बाशिंगाखाली तिचे डोळे हसत होते, आणि त्याला ती मागच्या खेपेपेक्षाही जास्त आवडली. 'पसंत आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले. ते त्याने पोह्यांच्या घासाबरोबर गिळले आणि हात जोडून उठला.

"अकरा दिवसांनी कळवतो."

एवढं बोलून तो पायऱ्या उतरला. अंगणात थांबला, सदऱ्याच्या खिशातून सुतळी काढली आणि पहिली गाठ मारली.

कोंडीराम जिथे होता तिथेच खाली बसला. वर हातात धरलेल्या अक्षतांचं काय करायचं, ते कुणालाच कळेना. यसू एवढी हसली, एवढी हसली, की बाशिंग कानावर आलं. मग डोळे पुसून ती बापाच्या शेजारी बसली.

"चुली चालू ठेवा, बाबा," ती म्हणाली. "अकरा दिवस वऱ्हाडाला जेवू घालायचंय. अकराव्या दिवशी तो येणार. तो म्हणाला ना, मग येणारच."

तेवढ्यात लहानू फाटकातून मागे वळला आणि घाईघाईने परत आला. सगळ्यांच्या जिवात जीव आला. भटजींनी "शुभमंगल" म्हणायला तोंड उघडलं, अक्षतांचे हात पुन्हा वर गेले. लहानू सरळ यसूपुढे येऊन उभा राहिला. त्याला दम लागला होता.

"एक राहिलं," तो म्हणाला.

"काय?"

"येतो," लहानू म्हणाला. आणि गेला.